जुन्या मराठी कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या : प्रत कशी ओळखावी, तिचे मालक कसे शोधावेत

गिरगाव-दादरच्या चाळी पुनर्विकासाला जातात, सदाशिव-नारायण पेठेतले वाडे उतरवले जातात, तेव्हा माळ्यावरची पुस्तकं किलोच्या भावानं रद्दीत जातात. त्या गठ्ठ्यांमध्ये अधूनमधून एखाद्या गाजलेल्या कादंबरीची पहिली आवृत्ती असते. आतल्या कोऱ्या पानावर शाईनं लिहिलेलं कुणाचं तरी नाव असतं, गाव असतं, तारीख असते. नाव लिहिलेलं पुस्तक ‘खराब’ समजून विकणारा ते पान अनेकदा फाडून टाकतो, आणि घेणाराही तसंच समजून खोडरबर घेऊन बसतो. संग्रहाच्या दृष्टीनं हे मोठं नुकसान आहे. त्या कादंबरीच्या एका आवृत्तीच्या शेकडो प्रती निघाल्या, पण नाशिकच्या एका शिक्षिकेनं वाचून समासात पेन्सिलीनं भांडलेली प्रत जगात एकच असते.

नव्यानं जमवायला लागलेल्या वाचकानं दोन गोष्टी शिकायच्या. हातातली प्रत खरोखर पहिल्या आवृत्तीची आहे का, हे ओळखणं ही एक. ती कुणाकुणाच्या हातून आपल्यापर्यंत आली, याचा माग काढणं ही दुसरी. पहिलीचे ठोकताळे थोड्या सरावानं बसतात. दुसरीला चिकाटी लागते, पण खरा आनंद तिच्यातच आहे.

आधी आवाका ठरवा

मराठी कादंबरीचा इतिहास बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’पासून (१८५७) सांगितला जातो. मग हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१). या पुस्तकांच्या मूळ प्रती बाजारात जवळजवळ येतच नाहीत. आल्याच तर नवख्याला त्यांची पारख करता येत नाही. म्हणून सुरुवात तिथून करू नका.

माझा सल्ला १९३० ते १९७० हा काळ धरण्याचा. केतकरांची ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०), विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ (१९३४), विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ (१९३९), पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ (१९५२), माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५), अण्णा भाऊंचा ‘फकिरा’ आणि खांडेकरांची ‘ययाति’ (दोन्ही १९५९), उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०), रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२), नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३), सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७). या प्रती अजून सापडतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या पहिल्या मालकांना ओळखणारी माणसं अजून हयात आहेत, त्यांना जाऊन विचारता येतं. आणखी वीस वर्षांनी ती सोय राहणार नाही.

लेखकानुसार किंवा प्रकाशकानुसार जमवणारे पुष्कळ असतात. मला मालकांनुसार जमवणं जास्त मोलाचं वाटतं. एकाच गावच्या वाचनालयातून निर्लेखित झालेल्या, म्हणजे नोंदवहीतून कमी करून काढून टाकलेल्या कादंबऱ्या, एखाद्या संस्थानचा शिक्का असलेल्या प्रती, लग्नात आहेर म्हणून दिलेली पुस्तकं, मासिकांकडे अभिप्रायासाठी गेलेल्या प्रती. असा एक धागा पकडला की थोड्या पैशांतही संग्रहाला स्वतःचं रूप येतं.

पहिली आवृत्ती ओळखणं

पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठाकडे शेवटी बघा. आधी शीर्षकपान, मग त्याच्या पाठीमागचं पान, म्हणजे श्रेयपान, जिथं प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती आणि किंमत दिलेली असते. नवखा माणूस सर्वांत जास्त इथंच फसतो. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये याच पानावर ‘पहिली आवृत्ती १९५९’ अशी ओळ असते आणि तिच्याखाली दुसरी, तिसरी, चौथी. विकणारा पहिली ओळ वाचून दाखवतो. तुम्ही शेवटची ओळ वाचा.

दुसरा सापळा प्रकाशक बदलल्याचा. अनेक कादंबऱ्या काही वर्षांनी दुसऱ्या प्रकाशनसंस्थेकडे जातात. ‘कोसला’ पहिल्यांदा पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं काढली, पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडे आली. नवा प्रकाशक कधी आवृत्तींची मोजणी पुढे चालू ठेवतो, कधी स्वतःपासून पुन्हा सुरू करतो. म्हणून मूळ प्रकाशक कोण, हे घरून निघायच्या आधीच माहीत हवं.

हे कळण्यासाठी मराठीत एक अजोड साधन आहे: शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० या काळातली मराठी पुस्तकं नोंदलेली आहेत. पृष्ठसंख्या, आकार, किंमत असे तपशील तिथं मिळतात. एका माणसानं आयुष्य घालून केलेलं हे काम आहे, आणि प्रत्येक संग्राहकानं ते एकदा तरी शांतपणे चाळावं. हातातल्या प्रतीची पानं नोंदीशी जुळली नाहीत, तर काहीतरी वेगळं आहे एवढं नक्की समजा. १९५० नंतरच्या पुस्तकांसाठी १९५८पासून निघू लागलेली राष्ट्रीय ग्रंथसूची आणि त्या काळच्या मासिकांमधल्या जाहिराती-परीक्षणं पाहावी लागतात. १९६४पासूनच्या पुस्तकांना ‘ललित’ मासिकाचे जुने अंक फार उपयोगी पडतात. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांची पुष्कळ पानं चित्ररूपात आहेत. ती समोर ठेवून ओळीन् ओळ ताडून पाहता येते.

श्रेयपान फाटलेलं असेल, तर पुस्तक स्वतःच आपलं वय सांगतं. या खुणा पाठ करून ठेवा.

जुन्या पुस्तकांवर वर्ष शके दिलेलं असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र जानेवारी ते चैत्र पाडवा या महिन्यांसाठी ७९ मिळवायचे. शके १८१५ म्हणजे १८९३-९४. त्याच काळातल्या पुस्तकांवर ‘सन १८६७ चा आक्ट २५’ याप्रमाणे हक्क नोंदल्याची ओळही सापडते.

किंमत रुपये-आण्यांत छापली असेल, तर ते पुस्तक साधारणपणे १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवसापासून दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असा उल्लेख १९५७ ते १९६४ या काळातला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. ‘महाराष्ट्र राज्य’ असं छापलेलं असेल, तर १ मे १९६० नंतरची.

शुद्धलेखनही साक्ष देतं. ‘घरांत’, ‘त्यानें’, ‘माझें’ असे अनुस्वार १९६२च्या नव्या नियमांनंतर हळूहळू गळाले. १९३९ सालची म्हणून दाखवलेली प्रत अनुस्वारांविना छापलेली असेल, तर संशय घ्या. काही लेखक-प्रकाशकांनी नियम उशिरा स्वीकारले, काहींनी आधीच, त्यामुळे एवढ्या एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

शेवटच्या पानांवर प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी असते. तिच्यात नंतर प्रसिद्ध झालेलं पुस्तक दिसलं, तर प्रत उघडच नंतरची. आणि पानं पूर्ण आहेत का, हे पाहायला प्रत्येक फर्म्याच्या (एकाच कागदावर छापून दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) पहिल्या पानाच्या तळाशी असलेला बारीक आकडा बघत जा. मध्येच एखादा आकडा नसेल, तर अख्खा फर्मा गेलेला असू शकतो.

एक प्रश्न नवे संग्राहक नेहमी विचारतात: कादंबरी आधी नियतकालिकात आली असेल तर पहिली आवृत्ती कोणती? हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९०पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती आणि पुस्तकरूप नंतर झाली. पहिली आवृत्ती म्हणजे पुस्तकाचीच, हा सर्वमान्य संकेत आहे. पण वाचकांनी ती कादंबरी पहिल्यांदा आठवड्याआठवड्याला वाट पाहत वाचली ती ‘करमणूक’च्या अंकांत. ते अंक मिळाले, तर ते पुस्तकाशेजारी ठेवण्याच्या योग्यतेचे आहेत.

मुखपृष्ठाबद्दल एवढंच. मराठीत मूळ मुखपृष्ठ टिकलेली जुनी प्रत दुर्मीळ आहे, कारण वाचनालयं पुस्तक आलं की कागदी आवरण काढून जाड पुठ्ठ्याची बांधणी करून घेत. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर या चित्रकारांचं चित्र शाबूत असलेली प्रत मिळाली, तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. मूळ मुखपृष्ठ नाही म्हणून चांगल्या खुणांची प्रत मात्र सोडू नका.

मालकांच्या खुणा वाचायला शिका

इथं घाई करू नका. पुस्तक पहिल्या कोऱ्या पानापासून शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत उलटा, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजू पाहा, आणि पानांच्या मध्ये काही अडकलेलं आहे का ते बघा.

सर्वांत जास्त सापडतो तो भेटीचा मजकूर. ‘सप्रेम भेट’, ‘चि. सौ. कां. … हिस विवाहानिमित्त’, ‘मॅट्रिक उत्तीर्ण झाल्याबद्दल’. यातून नातं कळतं, प्रसंग कळतो, गाव आणि साल कळतं. नव्या नवरीला खांडेकरांची कादंबरी देण्याची पद्धत एका पिढीत किती घरांत होती, हे असल्या पानांवरूनच उमगतं. शाळांची बक्षीसपट्टी वेगळी. ती छापील असते, पुठ्ठ्याच्या आत डकवलेली, आणि तिच्यावर इयत्ता, विषय, मुख्याध्यापकांची सही असते. शाळेचं नाव मिळालं की पुढचा माग सोपा होतो, कारण शाळांचे वार्षिक अहवाल अनेकदा जपलेले असतात.

‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का किंवा हस्ताक्षर असलेली प्रत लेखकानं किंवा प्रकाशकानं एखाद्या मासिकाकडे पाठवलेली असते. ही प्रत पुस्तक बाजारात आलं त्याच सुमाराची, त्यामुळे बहुधा पहिल्या आवृत्तीचीच. मासिकाच्या कचेरीचा शिक्का असेल, तर त्या मासिकाचे पुढच्या वर्षभराचे अंक ग्रंथालयात जाऊन चाळा. परीक्षण सापडलं आणि समासातल्या खुणा त्यातल्या अवतरणांशी जुळल्या, तर ज्या प्रतीवरून परीक्षण लिहिलं गेलं तीच तुमच्या हातात आहे. संग्राहकाच्या वाट्याला यापेक्षा मोठा क्षण क्वचितच येतो.

संस्थानांचे शिक्के हा एक स्वतंत्र प्रदेश आहे. बडोद्यात सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. खेड्यांपर्यंत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. बडोदे संस्थानचा शिक्का असलेली मराठी कादंबरी म्हणजे त्या चळवळीचा एक प्रत्यक्ष पुरावा. बडोदे आणि कोल्हापूर ही संस्थानं १९४९ मध्ये विलीन झाली, तेव्हा संस्थानी शिक्का त्याआधीचा, हाही एक कालनिर्णय. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी कुटुंबांच्या प्रतींवर असे शिक्के पाहायला मिळतात.

वाचनालयांचे शिक्के तर असंख्य. रत्नागिरी, नाशिक, पुणे, कोल्हापूर इथली नगरवाचनालयं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून किंवा मध्यापासूनची आहेत. शिक्क्यासोबत दाखल क्रमांक असतो, कधी दाखल तारीखही. मागे डकवलेली परतीच्या तारखांची चिठ्ठी असेल, तर ती काढू नका. एखादी कादंबरी १९६४च्या उन्हाळ्यात दर आठवड्याला नव्या घरी जात होती आणि १९७१ नंतर कपाटातच राहिली, हे त्या चिठ्ठीशिवाय दुसरं कुणी सांगू शकत नाही.

आणि वाचकांचे शेरे. वाचनालयाच्या पुस्तकांत ‘पान ८४ पाहा’ असं लिहून पुढच्याला पळवणारे वाचक होते, तसेच पात्रांवर चिडणारे, लेखिकेला शाबासकी देणारे, तिला दटावणारेही होते. विभावरी शिरूरकर म्हणजे कोण, यावर १९३०च्या दशकात मोठी कुजबुज होती. मालती बेडेकर हे नाव सर्वांना नंतर कळलं. त्या दिवसांत वाचलेल्या ‘हिंदोळ्यावर’च्या प्रतीत कुणी समासात तर्क लढवला असेल, रागानं रेघा ओढल्या असतील, तर ती प्रत कोऱ्या करकरीत प्रतीपेक्षा मी कितीतरी वरची मानेन.

खूण खरी की खोटी

लेखकाची सही भाव वाढवते, म्हणून खोट्या सह्याही होतात. प्रसिद्ध झालेल्या हस्तलिखिताच्या छायाचित्रांशी सही ताडून पाहा. सहीबरोबर ज्याला दिली त्याचं नाव आणि तारीख असेल, तर ती पडताळता येते. नुसती मोकळी सही पडताळायला काहीच आधार नसतो. तारीख लेखकाच्या मृत्यूनंतरची नाही ना, हे आधी बघा. ऐकायला बालिश वाटतं, पण पाहायचं राहून जातं.

शाई नीट न्याहाळा. बोरू आणि टाकाची रेघ जाड-बारीक होते, शाई कागदात मुरून कडांना तपकिरी पडते. बॉलपेन आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर रुळलं, तेव्हा १९२५ ची तारीख आणि बॉलपेनची एकसारखी रेघ यांचा मेळ बसत नाही. पानावर लिहिलेलं समोरच्या पानावर पुसट उमटलं आहे का, हेही बघा. वर्षानुवर्षं मिटून राहिलेल्या पुस्तकात ते उमटतं.

दोन मालकांमधला काळ रिकामा राहिला, तर तो रिकामाच नोंदवा. ‘अमक्या मोठ्या माणसाच्या घरातून आलंय’ हे विकणाऱ्याचं सांगणं पुरावा नव्हे, पण ते लिहून ठेवा आणि ‘विक्रेत्याचं म्हणणं’ असं त्यापुढे नोंदवा.

कुठे शोधायचं, काय द्यायचं

मुंबईत फोर्टातले आणि माटुंग्याचे पदपथावरचे विक्रेते, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर आणि जुना बाजार, आणि प्रत्येक गावातले रद्दी डेपो. रद्दीवाल्याशी ओळख वाढवा. ‘नाव लिहिलेली, शिक्के असलेली जुनी मराठी पुस्तकं फाडू नका, मला दाखवा,’ एवढं सांगून ठेवलं तरी फरक पडतो. परगावाहून मागवत असाल, तर शीर्षकपान, त्यामागचं पान, शेवटचं पान आणि नाव-शिक्का असलेलं प्रत्येक पान यांची छायाचित्रं आधी मागा. फक्त मुखपृष्ठ दाखवणाऱ्याकडून घेऊ नका.

भावाचे ठरलेले दर मराठीत नाहीत. मी तरी ओळखीच्या नावापेक्षा पडताळता येणाऱ्या मजकुराला जास्त पैसे देईन. घासाघीस जरूर करा. पण एखाद्या घरातून थेट घेत असाल आणि त्यांना किंमत माहीत नसेल, तर ती आधी सांगा आणि मग सौदा करा. आजोबांचं हस्ताक्षर पाहून त्यांचा विचार बदलला, तर त्या पानाचं छायाचित्र मागून घ्या आणि पुस्तक त्यांच्याकडेच राहू द्या.

ग्रंथालयाचा शिक्का असेल तिथं एक गोष्ट कटाक्षानं पाळा. ‘निर्लेखित’ किंवा ‘रद्द’ असा दुसरा शिक्का आहे का ते पाहा. नसेल, तर त्या ग्रंथालयाला दाखल क्रमांक कळवून विचारा. ग्रंथालय अजून चालू असेल आणि पुस्तक त्यांच्या नोंदवहीत असेल, तर ते त्यांचंच आहे. ते परत करा. निर्लेखनाच्या वेळी ग्रंथालयाकडून थेट घेतलं, तर पावती घ्या आणि पुस्तकाबरोबर ठेवा.

जपणूक आणि नोंद

सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन आणि खाकी कागदाचं कव्हर, या चार गोष्टी पुस्तकाजवळ आणू नका. टेपचा चिकट डाग कायमचा राहतो आणि खाकी कागदातलं आम्ल आतल्या पानांत उतरतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती, त्या वर्षांतली पुस्तकं हलक्या कागदावर आहेत आणि हात लावताच तुटतात. ती आडवी ठेवा, आम्लविरहित कागदात गुंडाळा, वारंवार उघडू नका. नव्यानं बांधणी करून घेण्याचा मोह टाळा, कारण बांधणारा कोरी पानं काढतो आणि कडा कापतो. नावं आणि शेरे नेमके तिथंच असतात.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळा हा खरा शत्रू. कपाट भिंतीपासून थोडं दूर ठेवा, पुस्तकं घट्ट कोंबू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका. उघडीप मिळाली की कपाट उघडं ठेवा, पण पानांवर थेट ऊन नको. कसर आणि वाळवीची पाहणी महिन्यातून एकदा तरी व्हावी. डांबरगोळ्या ठेवल्याच, तर कागदाला टेकणार नाहीत अशा.

प्रत्येक प्रतीसाठी वहीत एक पान राखा. आवृत्ती कशावरून ठरवली, कुठून आणि कधी घेतली, किती दिले, कोणत्या पानावर कोणती खूण आहे, ती जशी लिहिली आहे तशीच्या तशी नक्कल, आणि मालकांचा क्रम. अंदाज असेल तिथं ‘अंदाज’ लिहा. पुस्तकात स्वतःचं नाव घालायचं असेल, तर मागच्या कोऱ्या पानावर, बारीक, मऊ पेन्सिलीनं. पानांत पत्र किंवा छायाचित्र सापडलं, तर ते कोणत्या पानांत होतं ते लिहून वेगळ्या पाकिटात ठेवा. हयात माणसांचा खासगी मजकूर असेल, तर तो जाहीर करू नका, कुटुंबाचा शोध घेऊन त्यांना कळवा.

परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींनी कायद्याचं भान ठेवायला हवं. १९७२च्या पुरातन वस्तू व कलानिधी कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंच्या निर्यातीवर बंधनं आहेत, आणि हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. शंभरी ओलांडलेलं पुस्तक बॅगेत घालण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा आणि लागेल ते प्रमाणपत्र घ्या. १९३०-४० नंतरच्या कादंबऱ्यांना आज ही अडचण नाही, पण वर्षं पुढे सरकतील तशी एकेक प्रत त्या मर्यादेत येत जाईल.

आपल्यानंतर संग्रह कुणाकडे जावा, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि घरच्यांना दाखवा. एखाद्या ग्रंथालयाला द्यायचा असेल, तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या: मूळ बांधणी तशीच ठेवतील का, कोरी पानं आणि जुने शिक्के राहू देतील का, आणि तुमची वही पुस्तकांबरोबरच ठेवतील का. होकार लेखी मिळाला, तरच वहीत त्या ग्रंथालयाचं नाव लिहा.